एकदाच विचारणारं शहर

मुंबईला जाणाऱ्या लक्झरीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि माझा मेहुणा खिडकीखाली उभा राहून त्याला दटावत होता, "पावणं, दम धरा की जरा! माणूस स्वीडनला चाललाय, सांगलीला न्हाय!" निम्मी गल्ली निरोपाला आली होती. कुणी चटणीची पिशवी आत कोंबत होतं, कुणी गळ्यात हार घालत होतं. अख्ख्या स्टँडला कळलं होतं, की कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंग तपासणारा मिलिंद कांबळे परदेशी निघालाय.

गोष्ट दोन हजार सालची. आमच्या फाउंड्रीतला माल गॉथेनबर्गच्या एका कंपनीत जायचा. तो तिथं उतरवून घेताना तपासायला आमच्यातला एक माणूस त्यांना वर्षभर हवा होता. वर्ष बरं गेलं तर पुढची तीन वर्षं मिळणार होती, आणि तीही बायको-मुलीला घेऊन. हो की नाही हे मी वसंत ऋतू संपायच्या आत सांगायचं, एवढीच अट.

सुजाता, म्हणजे माझी बायको, कळंब्याच्या शाळेत शिक्षिका. गर्दीत ती मागं उभी होती. आमची सात वर्षांची स्नेहल तिच्या पदराला धरून माझ्या बुटांकडे बघत होती. गाडी हलताना सुजाता पुढं आली आणि म्हणाली, "रस्तं, बिल्डिंगा चांगल्याच असणार की. तुम्ही माणसं बघा. मी कधीबी हाक मारावी आणि दार उघडावं असं एक घर तिथं गावलं, तर आमी येतो. न्हाय गावलं तर परत या."

एक घर. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे? कोल्हापुरात पत्ता विचारायला दार वाजवलं तरी माणूस चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

विमानातून गॉथेनबर्ग पहिल्यांदा दिसलं तेव्हा नुसता करडा खडक आणि पाणी. खडकाच्या फटीत झाडं, झाडांच्या फटीत घरं. तिथले लोक आपल्या शहराला 'यॉतेबोरी' म्हणतात आणि पावसाची फार तक्रार करतात. गगनबावड्याच्या शेजाऱ्याला पावसाचं कौतुक कोण सांगणार! तो पाऊस मला पावसासारखा वाटलाच नाही. कुणीतरी वरून ओलं फडकं झटकत बसलंय, असा तो दिवसभर पडायचा.

कंपनीनं मला तीन मजली इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर दिलं होतं. खालचा मजला दगडी, वरचे दोन लाकडी. नळाचं पाणी इतकं गार आणि गोड, की पहिल्या दिवशी मी तीन पेले प्यायलो आणि चौथा सुजातासाठी म्हणून भरून ठेवला. वेड्यासारखंच होतं ते, पण भरला खरा. मग तोही मीच प्यायलो.

हे लिहिताना मला त्या शहराला नावं ठेवायची नाहीत. सुख कशाला म्हणतात ते मी तिथं पाहिलं. निळी-पांढरी ट्राम पाटीवर लिहिलेल्या मिनिटाला यायची. त्याच तिकिटावर पुढं बोटीत बसून समुद्रातल्या बेटांवर जाता यायचं, आणि त्या बेटांवर मोटारगाड्याच नव्हत्या. लोक सामान सायकलच्या गाड्यावर ओढत घरी जायचे. हागा नावाच्या जुन्या पेठेत कानेलबुल्ले (दालचिनी घातलेला गोड, गुंडाळलेला पाव) मिळायचा, तो अक्षरशः भाकरीएवढा. एक घेतला की दुपारचं जेवण झालं. ग्रंथालयात जाऊन खुशाल बसावं, कुणी 'काय पाहिजे' म्हणून विचारत नाही. मोठ्या बागेत सीलचं तळं होतं. रविवारी मी तिथं जाऊन त्यांना मासे खाताना बघायचो.

पण खरं सांगतो, सुख एकट्यानं खाल्लं की घशाखाली उतरत नाही. एकदा बोटीच्या कठड्याशी उभा होतो. अचानक पाण्यातून एका सीलनं काळं डोकं वर काढलं आणि मी मोठ्यानं ओरडलो, "अगं, ते बघ की!" शेजारी बसलेली बाई शांतपणे उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी इकडं तिकडं बघितलं. 'अगं' म्हणावं असं माणूस तिथून सात समुद्र पलीकडं होतं. उरलेला प्रवास मी तोंड मिटून केला.

ट्राममध्येही तसंच. माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी लोक उभे राहायचे. आधी वाटलं, माझ्या रंगामुळं. मग पाहिलं तर गोऱ्याच्या शेजारीही गोरा बसत नव्हता. आमच्याकडं दोघांच्या सीटवर चौथा येऊन म्हणतो, "सरका की पावणं." तेव्हा राग यायचा. तिथं असं वाटायचं, कुणीतरी यावं आणि मला सरकवावं.

कामावर दहा वाजले की सगळे हातातलं ठेवून फिका करायचे. फिका म्हणजे नुसती कॉफी नव्हे. कॉफी, सोबत काहीतरी गोड आणि जरा निवांत बसणं, असं सगळं मिळून ते होतं. माझा वरिष्ठ योहान, उंच आणि मितभाषी माणूस, पहिल्या दिवशी पावांचा ट्रे माझ्यासमोर धरून उभा राहिला. मी रीतीप्रमाणे म्हणालो, "नको, नको." मनात म्हटलं, आता हा म्हणेल, घ्या हो, लाजू नका. ट्रे पुढच्या माणसाकडं गेला. त्याच्याकडून पुढच्याकडं. मी ट्रेवर नजर ठेवून बसलो, पण पाव गेला तो गेलाच. पोटात कावळे कोकलत होते.

चार दिवसांत शहाणा झालो. ट्रे आला की मुकाट पाव उचलायचो. पण मी स्वतःला समजावलं, की ही ऑफिसची रीत. ऑफिसात कुणाला वेळ असतो? घरचं बोलावणं ही वेगळी गोष्ट.

ते वेगळं का, ते सांगायला हवं. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांच्या लहानपणी गावात त्यांना लोकांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून ओंजळीत पाणी घ्यावं लागलेलं. पुढं घरानं धम्म स्वीकारला, दादा शिकले, साखर कारखान्यात कारकून झाले. पण एक गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांच्या हाडात मुरवली. दुसऱ्याच्या दारात भुकेलं दिसायचं नाही. पहिल्या बोलावण्याला जायचं नाही. "ज्याला आपण खरंच हवं असतो," ते म्हणायचे, "तो हाताला धरून वडत नेतोय. बाकीचं तोंडदेखलं." पाहुणचाराला आधी नको म्हणायची चाल सगळ्या कोल्हापुरात आहे. आमच्या घरात तो नुसता शिष्टाचार नव्हता, ती आमची अब्रू होती.

ऑक्टोबरात इमारतीच्या तळघरात, त्वेतस्तुगात (सगळ्या भाडेकरूंची सामाईक धुण्याची खोली), मला ब्रिटा भेटली. सत्तरीची, सडपातळ, पांढरे केस कानाच्या वर कापलेले. माझ्या समोरच्याच दारात राहायची. पूर्वी पोस्टात होती, नवरा वारलेला, मुलगा दूर उत्तरेला. मी मशीनसमोर बटणं चाचपत उभा होतो. तिनं काही न बोलता दोन बटणं दाबली आणि मशीन सुरू झालं.

"मी ब्रिटा," ती म्हणाली. "मला ब्रिटाच म्हण. इथं कुणी कुणाला मॅडम म्हणत नाही."

मी तोंडानं ब्रिटा म्हणालो. मनातल्या मनात मात्र शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं.

आम्ही चादरीच्या घड्या घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिनं विचारलं, "रविवारी माझ्याकडं कॉफीला येशील?"

आयला, काय आनंद झाला मला! सुजाता म्हणाली होती ते घर हेच, असं वाटलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको, नको. उगाच तुम्हाला त्रास कशाला."

तिनं चादरीचं तिचं टोक माझ्या हातात दिलं. "बरं," ती म्हणाली आणि टोपली उचलून वर गेली.

मी रविवारी घरीच थांबलो. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ती दार वाजवील, म्हणेल, अरे चल ना, कॉफी निवतेय. समोरच्या दारामागून कॉफीचा वास येत होता. कुणीही दार वाजवलं नाही. संध्याकाळी मी शर्ट काढून ठेवला आणि म्हटलं, दादा म्हणायचे तेच खरं. तोंडदेखलं होतं.

मग अंधार आला. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथं दुपारी साडेतीनला दिवस संपतो. सगळे लोक खिडकीत दिवे लावतात, प्रत्येक खिडकीत, आणि पडदे ओढत नाहीत. रस्त्यानं जाताना आतलं सगळं दिसतं: टेबल, फुलं, वाचत बसलेला माणूस. फार सुंदर दिसतं हो. मी ट्राम सोडून मुद्दाम चालत यायचो, लोकांच्या खिडक्या बघत. मग आपल्या खोलीवर येऊन भात लावायचो.

नाताळच्या आदल्या दिवशी जिन्यात ब्रिटा भेटली. हातात फरची फांदी. "उद्या... नाही, आजच," ती जरा गोंधळून म्हणाली, "संध्याकाळी तू एकटा असशील तर माझ्याकडं जेवायला ये."

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही, नाहीतर तीही घेतली असती. पण सणाचा दिवस, तिथं नाताळचं मोठं जेवण आदल्या संध्याकाळीच असतं. तिच्या घरची माणसं येणार, त्यात हा भुकेला कोण, असं ती मागून म्हणाली तर? मी म्हणालो, "नको. मला थोडं काम आहे."

"समजलं," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिथल्या चेहऱ्यांवर दिसतच नाही.

त्या संध्याकाळी समोरून खूप हसण्याचे आवाज येत होते. पुष्कळ माणसं असावीत. मी भातावर चटणी घेऊन बसलो होतो. घरी असतो तर ती वासानंच खाल्ली असती. त्या दिवशी ती नुसती तिखट लागली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच तिखटाचं नव्हतं.

फेब्रुवारीत योहाननं विचारलं, "तुझं ठरलं का?" मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. रविवारी फोन लावला. लाईनवर स्वतःचाच आवाज परत ऐकू यायचा, त्यामुळं दोघंही तोडून तोडून बोलायचो.

"गावलं का एखादं घर?" सुजातानं विचारलं.

"न्हाय गं," मी म्हणालो. "माणसं वाईट न्हाईत. पण घरात कुणी कुणाला ओढून न्हेत न्हाय." मग म्हणालो, "तरी तू सांग. येता का दोघी?"

"नको," ती म्हणाली. "माझी नोकरी हाय, स्नेहलची शाळा हाय. कशाला उगाच सगळ्यांची फरफट?"

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी योहानला सांगितलं, की नाही जमणार. त्यानं एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. त्यानं मान हलवली. आठवड्याभरात ती जागा दुसऱ्या एका माणसाला दिल्याचं कळलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो.

मे महिन्यात ऊन आलं. आपल्याकडं ऊन येत नाही, ते असतंच. तिथं ते पाहुण्यासारखं येतं आणि सगळं शहर कामधाम सोडून त्याच्या स्वागताला बाहेर बसतं. पायऱ्यांवर, बाकांवर, बस थांब्यावर, भिंतीला टेकून लोक डोळे मिटून तोंड वर करून बसलेले. आमच्या इमारतीच्या पायरीवर ब्रिटाही तशीच बसली होती. मी शेजारून जाताना तिनं एक डोळा उघडला.

"बस," ती म्हणाली. "ऊन सगळ्यांचं आहे."

इथं मात्र मी बसलो. उन्हाला नको कसं म्हणणार? मीही डोळे मिटून तोंड वर केलं. मग मी सांगितलं, की महिन्याभरात परत जातोय. कंपनी ठेवून घेत होती, बायको-मुलीसकट, पण नाही म्हणालो.

"का?"

का कोण जाणे, मी खरं बोललो. म्हणालो, "इथं एकही घर माझ्या ओळखीचं झालं नाही."

ब्रिटानं दुसराही डोळा उघडला. "मी तुला दोनदा बोलावलं," ती म्हणाली. "तू दोन्ही वेळा नको म्हणालास. मला वाटलं, तुला म्हाताऱ्या बाईची सोबत नकोय. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे तुझ्या मागं लागणं झालं असतं."

"आमच्याकडं पहिला नको धरत नाहीत," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

"मग कितवा धरतात?"

"तिसरा. कधी चौथा. खरं म्हणजे धरतच नाहीत. हाताला धरून नेतात."

ती हसायला लागली. हसता हसता थांबली. "माझ्या आजीच्या गावी असंच होतं," ती म्हणाली. "पाहुण्यानं दारातच उभं राहायचं आणि आजीनं त्याला तीनदा आत बोलवायचं. आम्ही शहरात आलो आणि म्हटलं, हे कसलं नाटक, सरळ बोलावं. सोडलं ते."

मला नाताळ आठवला. "तेव्हा तुमच्याकडं खूप माणसं होती ना? हसणं ऐकू येत होतं."

"टीव्ही होता तो," ब्रिटा म्हणाली.

म्हणजे त्या संध्याकाळी मधे फक्त एका जिन्याची रुंदी, आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस एकटं जेवत होतं. आपल्याकडं म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. तिचा अर्थ मला कळला तो इतक्या लांब जाऊन. दादांचं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. ज्या उंबऱ्यांसाठी त्यांनी ते शिकवलं, ते उंबरे तसेच होते. हा उंबरा वेगळा होता, हे ओळखायचं काम माझं होतं.

"रविवारी जेवायला ये," ब्रिटा म्हणाली. आणि घाईघाईनं पुढं, "ये, ये, ये. झालं का तीनदा?"

"येतो," मी म्हणालो.

तिच्या घरात खिडकीपाशी दोघांपुरतं टेबल होतं. खारवलेले मासे, शेपूसारख्या पाल्यात उकडलेले नवे, नखासारख्या पातळ सालीचे बटाटे, दह्यासारखी घट्ट साय, शेवटी स्ट्रॉबेरी. माझं ताट संपलं. बटाट्यांचं भांडं मधे होतं, त्यात चार-पाच शिल्लक होते. ब्रिटा माझ्याकडं बघत होती, पण वाढत नव्हती. कोल्हापुरात एव्हाना दोन बायका वाढपाची पळी घेऊन माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या असत्या.

उभ्या जन्मात मी दुसऱ्याच्या घरी तोंडानं मागून खाल्लं नव्हतं. मी म्हणालो, "मला अजून बटाटे हवेत."

माझा आवाज जरा फाटलाच. ब्रिटानं भांडं माझ्याकडं सरकवलं आणि खिडकीकडं तोंड करून नाक पुसलं. ते बटाटे माझ्या त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं जेवण होतं. पुढचे चारही रविवार मी तिच्याकडं गेलो, न बोलावता. दार वाजवलं की ती म्हणायची, "आज तुझ्यासाठी काही केलेलं नाही," आणि आम्ही पाव-लोणी खायचो.

जूनअखेर कोल्हापूरला परतलो. गाडीतून उतरलो तोवर मेहुण्यानं बॅग हिसकावून घेतली होती. चार दिवस चार घरी जेवणं झाली. "घ्या की!" "आमच्या हातचं ग्वाड लागत न्हाय व्हय आता?" ताटावर आडवे धरलेले माझे हात बाजूला सारून लोक रस्सा ओतत होते. लई भारी वाटत होतं, खोटं कशाला बोलू? इथल्या लोकांना मी सांगत होतो, पाणी कसं गोड, ट्राम कशी मिनिटाला येते. ते ऐकत होते आणि वाढत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सुजाता आणि मी कळंब्याच्या तलावावर फिरायला गेलो. स्नेहल पुढं पळत होती. बांधावर बसून मी सुजाताला ब्रिटाची गोष्ट सांगितली. गमतीनंच सांगितली, पहिल्या दिवशीच्या पावापासून. त्या रविवारच्या इस्त्रीच्या शर्टावर तरी ती हसेल असं वाटलं होतं. ती पाण्याकडं बघत राहिली.

"म्हंजे त्या बाईनं एकदाच विचारलं आणि सोडून दिलं, म्हणून तुमाला राग आलता," ती म्हणाली.

"व्हय. तवा आलता."

"आणि फोनवर मला किती वेळा विचारलंसा?"

"एकदाच," मी म्हणालो.

"मी नको म्हणालते," सुजाता म्हणाली. "मला वाटलं तुम्ही म्हणशीला, ये गं, नोकरीचं बघू, शाळा काय तिथंबी हाय. तुम्ही 'बरं' म्हणालासा. मी फोन ठिवून बसूनच ऱ्हायले. जानेवारीपासनं रोज शाळेतनं आल्यावर पोरीसाठी जाड स्वेटर विणत हुते मी. कोल्हापुरात कशाला लागतोय तसला? बाह्या तेवढ्या ऱ्हायलेत्या."

"तूच म्हणालीवतीस, एक घर गावलं तर येतो."

"आवो, आमी आलो असतो तर ते घर आपलंच झालं असतं की."

तळ्यावर वारा सुटला होता. स्नेहल काठावरून हाका मारत होती, दोघांनाही एकदमच. वर्षभर मी ज्याची वाट बघत दार लावून बसलो, ते माझ्याच माणसाला द्यायचं मला सुचलं नव्हतं. आता जागा गेली होती, विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी सुजाताचा हात धरला आणि म्हणालो, "चल, जाऊया."

"कुठं आता?"

"कुठंबी. चल."

"नको," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नको म्हणाली. अंधार पडेपर्यंत मी विचारत राहिलो, आणि तिनं हात काही सोडवून घेतला नाही.